मातीच्या भिंतीला घरकुलाचा हप्ता का नाही?

मा. ग्रामविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

औसा तालुक्यातल्या एका गावातून लिहितोय. गेल्या आठवड्यात माझ्या घरकुलाचा हप्ता अडवला. कारण काय, तर भिंती पांढऱ्या मातीच्या आहेत. याच भिंतींबद्दल ग्रामसभेत सर्वांसमक्ष "चालतील, बांधा" असं सांगितलं गेलं होतं. सांगणारे साहेब आता फोन उचलत नाहीत.

मी हौसेनं माती धरलेली नाही. भावाच्या स्लॅबच्या खोलीत मे महिन्यात माझी आई भोवळ येऊन पडली, तीही रात्री जेवणं झाल्यावर. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर आग ओकतो. फरशीवर पाणी मारून, ओली चादर अंगावर टाकून तिला निजवायचो. शेजारी जुनं माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर आहे. दीड-दोन हात जाड भिंत, तुळयांवर किलचन म्हणजे लाकडाच्या आडव्या पट्ट्या, त्यावर माती, गरम हवा वर निघून जायला छतात सानं, म्हणजे झरोका. दुपारी अर्धी गल्ली तिथल्या ओसरीवर येऊन बसते. आईलाही आम्ही तिथंच नेऊन ठेवलं.

तुम्ही किल्लारीच्या भूकंपाचं नाव काढाल. काढा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आमच्याच भागातली हजारो माणसं दगडमातीखाली गेली, आमच्या घरातलीही गेली. पण भिंती का पडल्या? अनघड दगडांचे दोन थर, त्यांना सांधणारा आरपार दगड नाही, आणि वर्षानुवर्षं माती टाकून जड केलेलं माळवद. हे दोष दूर करता येतात. मातीच्या इमारती भूकंपात टिकाव्यात म्हणून आयएस 13827 हे मानक त्याच 1993 साली निघालं. आमच्याकडे आलेल्या अभियंत्यानं त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं! 2025 च्या सप्टेंबरात पावसानं भिंती भिजून पडल्या, हेही खरं. म्हणूनच मी जोतं दगडी केलंय, वळचण पुढे काढलीय, बाहेरून चुन्याचा गिलावा धरलाय. बघायला या.

आणि स्लॅबला पाणी कुठून आणायचं? 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच जिल्ह्यात उन्हाळ्यात बांधकामावर दिवसचे दिवस पाणी मारायला सांगता?

घर लाभार्थ्यानं स्वतः बांधावं, स्थानिक साहित्य वापरावं, हे प्रधानमंत्री आवास योजनेतच लिहिलंय. दिल्लीत ग्रामीण घरांच्या नमुन्यांचं ‘पहल’ नावाचं संकलन निघालं. तालुक्याला ते पोचलं का? घरकुलाच्या 1 लाख 20 हजारांच्या अनुदानातला मोठा वाटा सिमेंट आणि सळईच्या दुकानात जातो. मातीकाम जाणणारा गावातला म्हातारा गवंडी मात्र रिकामा बसलाय, त्याच्या पोरानं पुण्याची वाट धरली. उष्माघातापासून जपा म्हणून दर उन्हाळ्यात सरकार पत्रकं वाटतं आणि तेच सरकार आम्हाला भट्टीत राहायला लावतं. हे ठरवणाऱ्यांपैकी कुणी मेमध्ये एक रात्र पंख्याविना त्या स्लॅबखाली काढली आहे का?

तालुक्याच्या अभियंत्यांना मातीची भिंत तपासायला शिकवा. माझा हप्ता सोडा. सोडायचा नसेल तर कोणत्या नियमानं अडवला, ते क्रमांकासह लेखी द्या. तोंडी आता काही ऐकणार नाही.

आपला,
एक घरकुल लाभार्थी,
ता. औसा, जि. लातूर