जर्मन ‘झे’ : तळं की समुद्र?

संपादक महोदय,

मराठी प्रवासलेखांत आणि अनुवादांत जर्मन ‘झे’ हा शब्द दिसला, की इंग्रजी ‘सी’ आठवून त्याचा ‘समुद्र’ केला जातो. मग बोडनझेसारखं गोड्या पाण्याचं सरोवरही समुद्र होऊन बसतं. त्याच्या काठावर जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड असे तीन देश आहेत. खारं पाणी तिथे औषधालाही नाही.

जर्मनमध्ये या शब्दाचा अर्थ लिंगावर ठरतो. पुल्लिंगी ‘डेर झे’ म्हणजे तळं, स्त्रीलिंगी ‘डी झे’ म्हणजे समुद्र. म्हणून डेर बोडनझे, पण डी नॉर्डझे, म्हणजे उत्तर समुद्र. फसायची खरी जागा पुढे आहे. स्त्रीलिंगी ‘डी’चं चतुर्थीत ‘डेर’ होतं, त्यामुळे ‘आन डेर झे’ वाचून नवशिका तळं समजतो. तो असतो समुद्रकाठ. तळ्याकाठी म्हणायचं तर ‘आम झे’. सुट्टीतल्या घराची जाहिरात वाचताना एवढं एक अक्षरही न सोडता पाहावं. ‘झेएन’ हे अनेकवचन असेल तर बहुधा तळीच.

डच भाषेत उलटा कारभार: ‘झे’ समुद्र, ‘मेर’ तळं. 1932 साली 32 किलोमीटर लांबीचा बांध घालून झायडर झे ही खाडी समुद्रापासून तोडली, पाणी हळूहळू गोडं झालं आणि नाव पडलं आयसलमेर. प्रमाण जर्मनच्या हिशेबाने वाचणाऱ्याला वाटेल, तळ्याचा समुद्र केला! कारण जर्मन ‘मेर’ म्हणजे समुद्र. भूमध्य समुद्र तो ‘मिटलमेर’. तरीही हानोफरजवळचं श्टाइनहूडर मेर हे तळंच आहे, सरासरी खोली दीड मीटरहूनही कमी. वायव्य जर्मनीतल्या जुन्या बोलीचं डचशी नातं, म्हणून तिकडची तळी अशी नावं मिरवतात. इंग्लंडमधल्या विंडरमिअरच्या शेपटातही तोच शब्द आहे.

स्वीडिशमध्ये याच ‘झे’चा भाऊबंद सहसा तळं दाखवतो, पण खलाशी आणि बाल्टिक समुद्र यांच्या नावांत समुद्र. नॉर्वेजियनमध्ये तो मुख्यतः समुद्रच. तळ्यासाठी आधी ‘इन’, म्हणजे ‘आतला’, जोडतात.

पैठणच्या नाथसागराला कोणी समुद्र म्हणत नाही. तेव्हा अनुवादकांनी नावाच्या शेपटावर न जाता आधी नकाशा उघडावा, आणि बोडनझेला ‘बोडन सरोवर’ लिहावं.

— एक जर्मन-मराठी अनुवादक, पुणे