‘साक्षीदार कोण?’ असे विचारणाऱ्या वकील आजोबांना

नाशिक

आदरणीय वकील आजोबा,
सादर प्रणाम.

निबंध शाळेत दिल्यानंतर मी तुमचे आभार मानायला आले, तेव्हा तुम्ही मला मध्येच थांबवून म्हणाला होतात, की आभार मानायचेच असतील तर लेखी मान, आणि असे मान की दहावीच्या आणखी चार मुलांना त्याचा उपयोग होईल. त्यामुळे हे पत्र तुम्हाला लिहिलेले असले तरी सर्वांसाठी उघडे आहे.

इंग्रजी विषयासाठी आम्हाला एक डिस्टोपियन कादंबरी वाचायची होती, म्हणजे जिच्यातला भविष्यकाळातला समाज माणसाला माणूस म्हणून जगू देत नाही अशी कादंबरी, आणि तिच्याविषयी एक मत मांडून ते वाचकाला पटवून द्यायचे होते. मी रे ब्रॅडबरी यांची १९५३ साली प्रसिद्ध झालेली ‘फॅरनहाइट ४५१’ निवडली. तिच्यातले बंबवाले आगी विझवत नाहीत. ज्या घरात पुस्तके सापडतील ते घर पुस्तकांसकट पेटवून देणे हीच त्यांची नोकरी असते, आणि गाय मॉन्टॅग हा त्यांच्यातलाच एक जण हळूहळू त्या कामाला विटत जातो. माझा पहिला खर्डा पाच पानांचा होता आणि त्यातली साडेचार पाने ही गोष्ट सांगण्यातच गेली होती. उरलेल्या अर्ध्या पानात पुस्तके जाळणे किती वाईट आहे हे मी वेगवेगळ्या शब्दांत चारदा लिहिले होते. बाईंनी ‘गोष्ट कळली, तुझे म्हणणे कळले नाही’ असा शेरा मारून तो परत दिला.

त्या शनिवारी मी सार्वजनिक वाचनालयात तो खर्डा पुढ्यात घेऊन बसले होते. तुम्ही समोर वर्तमानपत्र वाचत होतात. १८४० पासून चालत आलेल्या त्या वाचनालयात बसून पुस्तकांच्या बाजूने मला चार वाक्ये धड लिहिता येत नाहीत, या विचाराने मला रडू यायचेच बाकी होते. तुम्ही वर्तमानपत्राची घडी घातलीत, खर्डा मागून घेतलात आणि शेवटपर्यंत वाचून एवढेच विचारलेत, ‘पुस्तके जाळणे वाईट, हे नाकारणारा माणूस तुला कुठे भेटणार आहे?’ ज्या दाव्याला प्रतिवादीच नाही तो लढायचा कोणाशी, असे तुम्ही म्हणालात. निबंधाचे पहिले वाक्य असे हवे की ते वाचून एखाद्या शहाण्या माणसाला ‘मला हे मान्य नाही’ असे म्हणावेसे वाटले पाहिजे. हे त्याआधी मला कोणीही सांगितले नव्हते.

घरी जाऊन मी कादंबरी पुन्हा वाचली आणि पुढच्या शनिवारी एक वाक्य घेऊन आले: या कादंबरीत पुस्तके सरकारने मारलेली नाहीत, लोकांनी ती आधीच सोडून दिली होती. पुरावा म्हणून मी कॅप्टन बीटीचे लांबलचक भाषण पुढे केले. मॉन्टॅग कामावर न जाता आजाराचे निमित्त करून अंथरुणात पडलेला असतो, उशीमागे पुस्तक लपवलेले असते, आणि त्याचा वरिष्ठ बीटी घरी येऊन त्याला सगळा इतिहास ऐकवतो: सिनेमा, रेडिओ आणि दूरचित्रवाणी आली, पुस्तकांचे सारांश झाले, सारांशांचेही सारांश झाले, कोणाला काही खुपू नये म्हणून उरलेसुरले बोचरे विचारही गाळले गेले, आणि या सगळ्याची सुरुवात कोणत्याही सरकारी हुकमाने झाली नाही.

यावर तुम्ही जो प्रश्न विचारलात त्यासाठी खरे तर हे पत्र आहे. तुम्ही विचारलेत, ‘हे सांगणारा साक्षीदार कोण?’ बीटी हा जाळणाऱ्यांचा प्रमुख आहे आणि लोकांनीच पुस्तके सोडली असे ठरले तर त्याच्यावरचा दोष आपोआप उतरतो, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. कादंबरीत छापले आहे म्हणजे ते लेखकाचे म्हणणे, असे मी धरून चालले होते. हितसंबंधी साक्षीदाराचे म्हणणे खोटेच असते असे नाही, पण त्याला दुसरीकडून पुष्टी लागते, असे सांगून तुम्ही मला पुन्हा कादंबरीकडे पाठवलेत.

पुष्टी मिळाली, आणि तीही बीटीच्या विरुद्ध बाजूला असलेल्या माणसाकडून. फेबर हा निवृत्त प्राध्यापक पुस्तकांवर जीव टाकणारा आहे, बीटीला भिणारा आहे, आणि तरीही तो मॉन्टॅगला सांगतो की बंबवाल्यांची फारशी गरजच पडत नाही, लोकांनी आपण होऊनच वाचणे थांबवले. ज्या माणसाला हे कबूल करताना दुःख होते त्याच्या तोंडून ते आले आहे. ती ओळ सापडली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि तुम्हाला त्याच क्षणी सांगता येत नाही याचे मला फार वाईट वाटले होते.

गोदावरीच्या पुराची उंची नाशिककर ज्या मूर्तीवरून मोजतात, त्या दुतोंड्या मारुतीचे उदाहरण तर मी आता वर्गातल्या सगळ्यांना देते. मी लिहिले होते की त्या समाजातले लोक दूरचित्रवाणीच्या फार आहारी गेले होते. तुम्ही म्हणालात, ‘गोदावरीला फार पाणी आले असे नाशिकमध्ये कोणी म्हणतो का? मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, ते सांगतो.’ मग मी कादंबरीत मारुती शोधू लागले. मॉन्टॅगच्या बायकोच्या, मिल्ड्रेडच्या, दिवाणखान्यात तीन भिंतींवर पडदे आहेत आणि तिला चौथाही हवा आहे. त्याची किंमत नवऱ्याच्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा आहे. रात्री झोपतानाही तिच्या कानात इवलेसे रेडिओ असतात. आपली दोघांची पहिली भेट कुठे झाली हे नवरा-बायको दोघांनाही आठवत नाही. एवढे लिहिल्यावर ‘आहारी गेले’ हे शब्द खोडून टाकता आले.

समोरच्या बाजूचा मुद्दा आधी आपणच मांडायचा, आणि तो पातळ करून मांडायचा नाही, ही तुमची अट मला सर्वांत जड गेली. समोरची बाजू भक्कम होती. पुस्तकांना सोडून जायला नकार देऊन स्वतःच काडी ओढणारी आणि त्यांच्यासोबत जळून जाणारी म्हातारी कादंबरीत आहे. माणसाचा माग काढणारा यांत्रिक कुत्रा आहे, आणि मॉन्टॅग सापडत नाही तेव्हा त्याच्याऐवजी रस्त्यावरच्या एका निरपराध माणसाला सर्वांच्या पडद्यांवर मारून दाखवले जाते. हे सगळे असताना सरकारला मोकळे कसे सोडायचे? दोन दिवस मला काही सुचले नाही. शेवटी माझे पहिले वाक्यच बदलावे लागले. लोकांनी पुस्तके आधी सोडली, सरकारने त्या सोडण्याचा नंतर कायदा केला, आणि कायदा झाल्यावर ज्यांना परत वाचावेसे वाटले त्यांना वाट उरली नाही, असे ते झाले. मग म्हातारी माझ्याच बाजूची साक्षीदार ठरली. मॉन्टॅगच्या घराची खबर बंबखान्याला देणारी मिल्ड्रेडही ठरली, कारण तो कायदा चालवायला सरकारला घरातलीच माणसे मिळत होती. बदललेले वाक्य तुम्हाला दाखवताना मी हरल्यासारखी उभी होते. तुम्ही मात्र म्हणालात की पुरावा पाहून दावा दुरुस्त करणे यात कमीपणा नसतो.

या कादंबरीचे स्वतःचेच जे झाले ते मला नंतर सापडले. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या शाळांसाठी तिची वेगळी आवृत्ती निघाली आणि तिच्यात मुलांना नकोत म्हणून अनेक ठिकाणचे शब्द बदलले गेले. तिथे कोणी बंबवाले आले नव्हते. ब्रॅडबरींना हे कळल्यावर त्यांनी मूळ मजकूर परत आणवला. हा पुरावा कादंबरीबाहेरचा असला तरी दाव्याला थेट लागतो, म्हणून तुम्ही तो ठेवू दिलात. त्यांनी कादंबरीचा पहिला मसुदा लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील ग्रंथालयाच्या तळघरात, अर्ध्या तासाला १० सेंट भाड्याच्या टंकलेखन यंत्रावर लिहिला होता, ही माहिती मात्र काहीच सिद्ध करत नाही म्हणून काढायला लावलीत. तुमचे बरोबर होते. तरी ती मला इतकी आवडते की इथे लिहून ठेवते आहे.

तुकोबांच्या गाथेवरून आपला थोडा वादही झाला. कादंबरीच्या शेवटी शहराबाहेर काही माणसे भेटतात, ज्यांनी एकेक पुस्तक तोंडपाठ करून जपले आहे. ते वाचताना मला इंद्रायणीत बुडवलेली गाथा आठवली, जी लोकांच्या मुखात असल्यामुळे तरली असे आपल्याकडे मानतात, आणि मी निबंधाची सुरुवातच तिथून केली होती. तुम्ही ती शेवटून दुसऱ्या परिच्छेदात न्यायला सांगितलीत, कारण लोकांनी सोडले तर पुस्तक मरते हे आधी पटले, तरच लोकांनी धरले तर ते जगते याला वजन येते. मला तेव्हा ते फारसे पटले नव्हते. आता दोन्ही खर्डे शेजारी ठेवून वाचते तेव्हा पटते.

पाच शनिवार तुम्ही माझ्यासाठी दिलेत. एकही वाक्य तुम्ही मला लिहून दिले नाहीत, समासात फक्त पेन्सिलीने प्रश्नचिन्हे काढलीत, आणि मी चुकले तेव्हाही माझ्याशी एखाद्या बरोबरीच्या वकिलाशी बोलावे तसे बोललात. घरचे सोडून कोणा मोठ्या माणसाने माझे म्हणणे इतक्या गंभीरपणे ऐकून घेण्याची ती माझी पहिलीच वेळ होती. त्याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे.

निरोप घेताना तुम्ही एक प्रश्न मागे ठेवला होता. इतकी पुस्तके मुखोद्गत असलेला बीटी जाळणाऱ्यांचा प्रमुख कसा झाला, आणि मॉन्टॅगच्या हातात ज्वाला फेकणारी नळी असताना त्याला डिवचत तो जागचा हलला का नाही? त्यावर मी दोन पाने लिहिली आहेत. तिसऱ्या पानावर समोरच्या बाजूचा मुद्दा मांडला आहे आणि त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. शनिवारी वही घेऊन येते.

आपली नम्र,
वाचनालयातील तुमची विद्यार्थिनी