पहिला तास

पंचवटी, नाशिक

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवा. यातलं बरंचसं तिच्यासाठीच आहे.

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की दिंडोरीकडच्या मळ्यांवर पेठ-सुरगाण्याची माणसं कामाला येतात, हे तुम्हाला मी काय सांगणार. आम्ही तिघीजणी दर रविवारी तिथे जातो. परवा एक पोर भेटली, सहावीतली. काखेत धाकटा भाऊ. शाळेचं विचारलं तर म्हणाली, "शाळा गावाला हाये." कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या पोराला जवळच्या शाळेने घ्यायलाच लागतं, जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवता येत नाही. तिच्या आईबापाला हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. सोमवारी आम्ही त्यांच्याबरोबर जिल्हा परिषदेच्या शाळेत जातोय.

मळ्यावरच्या पोरींना मी मलालाची गोष्ट सांगितली. पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातली, मिंगोऱ्याची. जानेवारी २००९ मध्ये तालिबानने तिथल्या मुलींच्या शाळा बंद करायला लावल्या, तेव्हा ती ११ वर्षांची होती. 'गुल मकई' या टोपणनावाने तिने बीबीसी उर्दूसाठी रोजनिशी लिहिली. पुढे उघडपणे बोलू लागली. ९ ऑक्टोबर २०१२ ला तालिबानच्या बंदूकधाऱ्याने शाळेच्या गाडीत शिरून तिच्या डोक्यात गोळी घातली. बरोबरच्या दोन मैत्रिणीही जखमी झाल्या. ती वाचली. २०१४ मध्ये आपल्या कैलाश सत्यार्थींबरोबर तिला शांततेचं नोबेल मिळालं, वय १७. पोरी गप्प बसून ऐकत होत्या. एकीने विचारलं, "मंग ती शाळंत गेली का परत?" गेली, म्हटलं. ऑक्सफर्डपर्यंत गेली.

बाबा, तिच्या वडिलांविषयी वाचताना तुम्ही सारखे डोळ्यांपुढे होतात. झियाउद्दीन त्यांचं नाव, स्वतः शाळा चालवायचे. त्यांच्या पाच बहिणींपैकी एकही शाळेत गेली नाही. घराण्याच्या वंशावळीत नुसते पुरुष. त्यांनी तिथे मलालाचं नाव लिहिलं. माझ्या जात पडताळणीच्या वेळी टाइप झालेला वंशावळीचा कागद तुम्ही परत केला होतात, आठवतं? "माझ्या बहिणी कुठं आहेत यात?" असं विचारून दोन्ही आत्यांची नावं घालायला लावलीत. तेव्हा मला नुसता उशीर होतोय एवढंच कळत होतं.

पण आई, मला खरं सांगायचंय ते मलालाच्या आईचं. तिचं नाव तूर पेकाई. सहा वर्षांची असताना ती शाळेत जायची, वर्गात एकटीच मुलगी. नात्यातल्या बहिणी घरी खेळतात हे बघून तिने पुस्तकं विकली आणि त्या पैशांच्या गोड गोळ्या खाल्ल्या. परत शाळा नाही. मोठेपणी, लेकीला शिकताना बघून, तिला अक्षरांची ओढ लागली. मलालाला गोळी लागली त्याच दिवशी तिचा लिहा-वाचायचा पहिला तास होता. पुढे इंग्लंडात गेल्यावर त्या बाईने पुन्हा वही उघडली.

माझी सातवी झाली तेव्हा भावकीतले म्हणाले, बास झालं. त्या रात्री बाबा बोलले, पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या वाट्याचं पाणी, लाकडं, म्हशीचं सगळं तू अंगावर घेतलंस. वसतिगृहाच्या अर्जावर तुझा अंगठा आहे. त्याची झेरॉक्स मी जपून ठेवलीय. तू नेहमी म्हणतेस, "माझं काय आता, मी म्हातारी." तुझ्या दाराशीच शाळा आहे आणि गुरुजी संध्याकाळी मोठ्यांचा वर्ग घेतात.

शनिवारच्या एसटीने येते. येताना दोन रेघी वही आणते, मोठ्या अक्षरांची. चष्म्याचा नंबर तपासायला तुला नाशिकला आणायचं होतंच, ते या महिन्यातच करू, नाहीतर अक्षरं दिसायची नाहीत. बाबा, तोवर घरातल्या पाटीवर तिला तिचं नाव लिहून द्या. माझं नको, बाबांचंही नको, आई. आधी तुझं.

तुमची,
माई