जॅक्सनहून बाबांना

तीर्थरूप बाबा,
साष्टांग नमस्कार.

इकडे अमेरिकेत, मिसिसिपी राज्यात कपाशी कशी असते, हे तुम्ही विचारलं होतं. आता वेचणी यंत्रानं होते, शेतात माणूस दिसत नाही. पण पूर्वी ती कोण वेचायचं आणि कोणासाठी, हे मला चिऊच्या शाळेत लावलेल्या एका कादंबरीतून नीट कळलं. 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय'. लेखिका मिल्ड्रेड टेलर याच जॅक्सनमध्ये 1943 साली जन्मलेली. आईबाप तिला तान्हेपणीच उत्तरेत ओहायोला घेऊन गेले, पण वडिलांनी गावाकडच्या गोष्टी सांगणं सोडलं नाही. त्यांतूनच 1976 साली हे पुस्तक आलं.

गोष्ट 1933 ची, मिसिसिपीच्या खेड्यातली. सांगणारी कॅसी नऊ वर्षांची. काळ्या मुलांच्या शाळेत गोऱ्या मुलांनी अकरा वर्षं वापरून फाटलेली पुस्तकं येतात. आत तक्ता छापलेला: कोणत्या वर्षी दिलं, पुस्तकाची अवस्था, मुलाची जात-वंश. अवस्था 'अगदी खराब' झाली तेव्हा कुठे काळ्या मुलाची पाळी. तिचा सहा वर्षांचा भाऊ ते वाचतो आणि पुस्तक जमिनीवर आपटून त्यावर पाय आपटतो. चिऊ हे वाचून बराच वेळ बोलली नाही.

पण बाबा, मला धरून ठेवलं ते जमिनीनं. कॅसीच्या घरची चारशे एकर स्वतःच्या नावावर आहे. आजोबांनी निम्मी 1887 मध्ये घेतली, निम्मी 1918 मध्ये. दुसऱ्या निम्म्याचं कर्ज अजून फिटायचंय. कापसाला भाव नाही, म्हणून बाप दूर लुइझियानात रेल्वेचे रूळ टाकायला जातो. शेजारीपाजारी सगळे अर्धेलीनं कसणारे. बी, खत, पीठ, कापड, सगळं उधारीवर, आणि जमीनमालक सांगेल त्याच दुकानातून. त्या दुकानदारांनी काळ्या माणसांना जाळलेलं असतं. कॅसीची आई ठरवते, त्या दुकानात जायचं नाही, सामान व्हिक्सबर्गहून आणायचं. काही घरं तयार होतात. मग मालक निम्म्याऐवजी साठ टक्के कापूस मागतो, आणि एकेक घर मागं सरतं. त्यांना भित्रं म्हणवत नाही मला. वर्षाचं पीकच ज्याच्या हातात, त्याला नाही म्हणायचं तरी कशाच्या बळावर?

शेवटी एका पोराला जमावाच्या हातून वाचवायला बाप स्वतःच्या उभ्या कपाशीला आग लावतो, म्हणजे सगळे विझवायला धावतील. तुम्ही गारपिटीनंतर बांधावर बसलेले मी पाहिलेत. उभं पीक स्वतःच्या हातानं पेटवणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हे वाचताना सारखे आपले आजोबा आठवत होते. कूळकायद्यात जमीन नावावर झाली, हप्ते फेडले, एवढंच मला माहीत आहे. त्याआधी मालकाला खंड किती द्यावा लागायचा? 'जमीन नको' असं लिहून द्या म्हणून कोणी दबाव आणला होता का? गावात किती कुळांनी तसं लिहून दिलं, आणि ती घरं आज कुठे आहेत? फोनवर नको, जरा सविस्तर लिहून पाठवा. चिऊला तुमचं अक्षर लागतं आता, आणि तिनंच विचारलंय.

आईला नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

तुमचा,
संजू