दोन घरांत राहणाऱ्या मुलांचं पुस्तक हवंय

संपादक, सप्रेम नमस्कार.

माझा नातू साडेपाच वर्षांचा आहे. दीड वर्ष झालं त्याचे आईबाबा वेगळे राहतात, आठवडाभर तो आमच्याकडे कोथरूडला असतो आणि एक सोडून एक शनिवार-रविवार बाबाकडे हडपसरला. मागच्या महिन्यात कुणाच्या तरी बोलण्यात त्यानं घटस्फोट हा शब्द ऐकला आणि रात्री मला विचारलं, आजी, स्फोट झाला तेव्हा मी झोपलो होतो का? मला रडूच आलं. आपले शब्द तरी कसे बघा, घटस्फोट म्हणजे मडकं फुटणं, काडीमोड म्हणजे काडी मोडणं, आणि विभक्त म्हणावं तर शाळेत विभक्त कुटुंब म्हणजे आई, बाबा आणि मुलं असं शिकवतात, म्हणजे नेमकं उलटंच की!

म्हणून मी अप्पा बळवंत चौकात गेले, चार दुकानं फिरले, लहान मुलांसाठी या विषयावर चित्रांचं मराठी पुस्तक द्या म्हटलं. एका ठिकाणी मोठ्यांसाठीचं सल्ल्याचं पुस्तक पुढे केलं, बाकीच्यांनी मान हलवली. मराठीत आता इतकी सुंदर चित्रपुस्तकं निघतात तरी हे मिळू नये याचं फार वाईट वाटलं. अमेरिकेत १९८६ साली 'डायनासोर्स डिव्होर्स' नावाचं पुस्तक निघालं, त्यात दोन घरं, सण, मित्रांना काय सांगायचं, सगळं डायनासोरच्या चित्रांतून आहे. ते चांगलंच आहे पण आमचे प्रश्न वेगळे आहेत हो. नरकचतुर्दशीला उटणं कुठल्या घरी लावायचं, शाळेत फॅमिली फोटो चिकटवायला सांगितला तर कुठला चिकटवायचा, रेनकोट हडपसरला राहिला आणि सोमवारी सकाळी कोथरूडला धो धो पाऊस, आणि सोसायटीतल्या काकू लिफ्टमध्ये त्यालाच विचारतात, बाबा येतात का रे?

लेखक-चित्रकारांना हात जोडून सांगणं आहे, त्यात बाबाला वाईट दाखवू नका, आईला बिचारी करू नका, आणि शेवटच्या पानावर दोघांना परत एकत्र आणू नका, कारण मग मूल रोज दाराकडे बघत बसतं. हे तुझ्यामुळे झालेलं नाही एवढं मात्र स्पष्ट लिहा, माझ्या नातवानं मला दोनदा विचारलंय की मी दूध सांडायचो म्हणून बाबा गेला का.

फॅमिली कोर्टाचा कायदा १९८४ चा आहे, तिथे समुपदेशक असतात, आईबाबांना मुलांची भेट घेता यावी म्हणून वेगळी खोली असते. त्या खोलीत खेळण्यांच्या शेजारी अशी चार पुस्तकं ठेवायला काय हरकत आहे? बालवाडीच्या कपाटातही ठेवा, सगळ्याच मुलांनी वाचू देत.

कुणी प्रकाशक मनावर घेणार असेल तर उटण्याचं पान नक्की ठेवा, या दिवाळीत आम्हाला तेच लागणार आहे.

एक आजी, पुणे