यादीतलं नाव

प्रिय दोस्ता,
सप्रेम सलाम.

चार महिने पत्र नाही, तू रागावला असशील आणि तुझा राग योग्यच आहे. हिची तब्येत ठीक. आठवड्याला तीन डायलिसिस, प्रत्येक वेळी चार तास. सोमवार, बुधवार, शुक्रवार. फिस्टुलाचा हात, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्या जोडलेला हात, चांगला चालतोय. माझं बरं आहे.

लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. रविवारी चर्चमध्ये उपासनेनंतर पाळकसाहेबांनी आजाऱ्यांना भेटायला, डबा पोचवायला जाणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढलं. प्रेमानेच. "तुमच्याच घरी आजारपण, आता तुम्ही विसावा घ्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. ती यादी तू आणि मी वहीत आखली, म्हणून तुलाच सांगतो, मला फार लागलं रे.

तू लगेच बायबलातलं तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र काढशील, अध्याय पाच, वचन आठ: स्वतःच्या घरच्यांची तरतूद आधी. आणि मी सारफथची विधवा पुढे करणार. कळव्याहून चालत येताना यावरूनच तू माझ्याशी बोलेनासा झाला होतास! तू म्हणायचास, दुष्काळात तिने एलीया संदेष्ट्याला भाकर दिली, पण स्वतःची चूल विझवली नाही. त्याच पिठातून तिचं घरही जेवलं. तेव्हा मी ऐकलं नाही, आज कबूल करतो. पण पीठ मूठभर होतं तेव्हा तिने दिलं, हेही तू कबूल कर.

माझी मूठ केवढी, हे मी मोजलंय. शनिवारी सकाळी एक डबा, ठाण्याहून पनवेल लोकलने खारघरच्या कॅन्सर रुग्णालयात, आणि दुपारी दोनच्या आत घरी. डायलिसिसच्या दिवशी कुणालाही होकार नाही. एकदा शब्द दिला आणि पोचलो नाही, तर समोरचं माणूस उपाशी राहतं.

आता खरी गोष्ट ऐक. डायलिसिसच्या घरी आपल्या चर्चच्या मंडळीतली माणसं काय आणतात? शहाळी, केळी, मोसंबी. किती मायेने! आणि नेमकं तेच घातक. निकामी मूत्रपिंडांना पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. दोन डायलिसिसच्या मधल्या काळात ते रक्तात साठतं, हृदयाचे ठोके बिघडतात, बंदही पडू शकतात. लो सोडियम मीठही नको, त्यात सोडियम कमी करून पोटॅशियमच घातलेलं असतं. बटाट्याची भाजी न्यायची तर बटाटा सोलून बारीक चिरायचा, भरपूर पाण्यात उकळायचा, ते पाणी ओतून टाकायचं आणि मग फोडणी. सार, सूप, पातळ रस्सा नको, कारण घोट-घोट पाणी मोजून प्यायचं असतं. भेटायला डायलिसिसच्या संध्याकाळी जाऊ नये, माणूस गळून गेलेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जावं. प्रार्थनेला हात धरायचा तर फिस्टुलाचा सोडून दुसरा.

हे मंडळीत दुसरं कोण सांगणार? पौल करिंथकरांना लिहितो, देवाकडून आम्हाला जे सांत्वन मिळतं, त्यानेच आम्ही इतरांचं सांत्वन करावं. घरात दुखणं आल्यावरच मला त्या ओळीचा अर्थ कळला, आणि नेमकं तेव्हाच माझं नाव खोडलं.

टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात येणाऱ्यांचंही तसंच. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. तेव्हा जंतूंशी लढायची ताकद नसते, म्हणून कोशिंबीर, चिरलेली फळं, कच्ची चटणी डब्यात नको. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, सहा वाट्या पाणी, मऊ खिचडी. तोंड आलेलं असतं म्हणून तिखट, लिंबू नाही. केल्यापासून दोन तासांत खाल्ली जावी, भाताचा डबा गरम हवेत पडून राहिला की त्यात जंतू वाढतात. फोडणीच्या वासानेच मळमळतं, म्हणून तूप-जिरं आपल्याच घरी. (तू केलीस तर लवंगा घालू नकोस. तुझ्या लवंगांनी धडधाकट माणसालाही घाम फुटतो.) सोबतच्या नातेवाइकाचा डबा निराळा, चपाती-भाजीचा, त्याला कुणी विचारतच नाही.

आणि कागद. गावाहून आलेल्यांना रेशन कार्ड, आधार आणि फाइलच्या झेरॉक्स काढून द्यायच्या, सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं विचारायला त्या त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, सोबत जायचं. नावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी काम अडतं, ते घरूनच ताडून न्यावं. याला पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो.

मत्तयाच्या चौदाव्या अध्यायात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या वधाची बातमी ऐकून येशू मचव्यातून एकांतात निघाला, तिथेही लोक आले, आणि त्याला त्यांचा कळवळा आला. शोकातच आला ना? मग लोकांना जेवू घालून तो एकटा डोंगरावर गेला. तो डोंगर मी यापूर्वी वाचताना गाळत होतो, तो तुझ्या बाजूचा मुद्दा आहे, घे.

तुझ्या मुलीचं नर्सिंगचं ठरलं का? नगरच्या घराचं छप्पर झालं? गुडघ्याला दाखव बाबा.

येत्या रविवारी पाळकसाहेबांना विचारायचंय की माझं नाव फक्त शनिवारपुरतं परत लिहा. की हा माझा हट्ट आहे? तू खरं सांग, कडक सांग. फोन नको, हिच्यासमोर बोलता येत नाही. लिहून पाठव, बुधवारी दुपारी मी मशीनशेजारी बसलेला असेन, तेव्हा वाचीन.

तुझाच