मॅडम, तुमचेही दोन आकडे चुकले होते

मॅडम, तुमचं नाव इथे टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या तुमच्या त्या छोट्या क्लिनिकमध्ये गेल्या महिन्यात एक मुलगी फाईल छातीशी धरून बसली होती आणि नंबर पुकारला तरी उठत नव्हती ना, ती मी.

दादाला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे भास होणं, संशय येणं असा मानसिक आजार, नऊ वर्षं होतील आता. गोळ्या घेतो, बऱ्यापैकी ठीक असतो. भीती माझी मला होती. दिवाळीपासून विसरायला लागले होते, म्हणजे मोबाईलवर ओटीपी वाचायचा आणि कॉम्प्युटरवर टाकेपर्यंत मधले दोन आकडे गायब, ऑफिसात जीएसटीची एंट्री करताना तीच रक्कम तीनतीनदा बघायची, गॅसवर दूध ठेवलं की उतू गेलंच म्हणून समजा. आणि दरवेळी डोक्यात एकच, झालं, आता माझी पाळी.

तुमच्याआधी एका मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते. त्यांनी वर न बघताच विचारलं घरात कोणाला आहे का, मी म्हटलं सख्ख्या भावाला, तर म्हणाले अनुवंशिक असतं हे, लक्ष ठेवा, आणि पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली. फी पूर्ण घेतली बरं का! लक्ष ठेवा म्हणजे नक्की काय करायचं हो? मी आपली चोवीस तास स्वतःवरच पहारा देत बसले, रात्रीची झोप गेली, मग विसरणं अजून वाढलं. त्यात मावशीचं चालूच, स्थळ येईल तेव्हा दादाचं बोलू नकोस.

तुम्ही स्मरणशक्तीच्या टेस्टसाठी आकडे सांगायला लागलात, ते ऐकून मी परत म्हणायचे. सरळ म्हणायचे जमले, उलटे म्हणायची वेळ आली आणि पाच आकड्यांवर मी अडकले ती अडकलेच, रडू फुटलं. तुम्ही पेन्सिल खाली ठेवली, कोरा कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणालात, "आता तू मला विचार. टेस्टमधले नको, तुझ्या मनाचे." मी मुद्दाम सहा दिले. तुम्ही खिडकीकडे बघत टेबलावर बोटं आपटत चार सांगितलेत, मग "अगं थांब थांब" आणि शेवटचे दोन उलटसुलट. एवढं मोठ्याने हसलात की बाहेरच्या मावशी चहा घेऊन आत आल्या. खरं सांगते, नंतर जे समजावलंत ते कानात शिरलं ते या हसण्यामुळेच.

तुम्ही म्हणालात, हा आजार साधारण शंभरात एकाला होतो, सख्ख्या भावंडाला असेल तर शंभरात नऊ-दहा जणांना, म्हणजे नव्वद जणांना होत नाही. हे नव्वद त्या मोठ्या डॉक्टरांच्या तोंडून का निघाले नाहीत देव जाणे. अगदी एकसारख्या जुळ्यांत एकाला असला तरी दुसऱ्याला होतोच असं नाही. आणि हो, तुम्ही खोटा धीर पण दिला नाहीत. पेशंटच्या ठणठणीत भावंडांची वर्किंग मेमरी, म्हणजे ऐकलेलं क्षणभर डोक्यात धरून त्यावर काम करायची ताकद, सरासरीने थोडी कमी भरते, एमआरआयमध्ये घालून अशी टेस्ट घेतली तर काहींच्या मेंदूचा कपाळामागचा भाग तेवढ्याच कामासाठी जास्त राबताना दिसलाय, हेही सांगितलंत. पण ती सरासरी झाली, त्यावरून तुझं भविष्य कोणी सांगू शकत नाही, आणि झोप नसेल, डोक्यात काळजी असेल तर कोणाचेही आकडे सांडतात. आवाज ऐकू यायला लागले, उगाच संशय यायला लागला, माणसं नकोशी झाली तर लगेच ये, दूध उतू गेलं म्हणून धावत येऊ नकोस. गांजाबिंजाला हात लावायचा नाही हेही ठणकावलंत, मी मनात म्हटलं मॅडम मी चहासुद्धा अर्धाच कप घेते.

निघताना तुम्ही दादाला काय आवडतं ते विचारलंत. नऊ वर्षांत गोळ्या कुठल्या हे सगळ्यांनी विचारलं, हे कोणीच नाही. मला पटकन उत्तर पण देता आलं नाही, मग आठवलं, गाड्या.

आता झोप येते. दूध अजून जातं कधीकधी. मागच्या रविवारी सीबीएस स्टँडला सिटीलिंक बसची वाट बघत उभे होतो तेव्हा दादाला तुमच्या आकड्यांची गंमत सांगितली, तर तो समोरच्या गाड्यांचे नंबर उलटे म्हणायला लागला, चारच्या चार बरोबर, एकापाठोपाठ एक. मग म्हणाला, तुझ्या मॅडमना म्हणावं आधी आपल्या नाशिकच्या एमएच-१५ गाड्यांवर प्रॅक्टिस करा.